चौबळांच्या घराची चिखलपडवी

मित्रांनो, घर दाखवायचं म्हटलं की माणसं पाहुण्याला आधी माजघर दाखवतात, मग देवघर, मग मागची विहीर. पडवी कोणी दाखवत नाही. तिच्यातच उभं राहून कोणाला काय दाखवायचं हे ठरत असतं, पण ते असो. मी ठाण्यातल्या चौबळांच्या घराची पडवी. आता जुनी झाले. वीस पावसाळे अंगावर घेतले. तळ्यापासून खाडीपर्यंत माझ्या तोडीची दुसरी पडवी नाही, हे मला स्वतःच सांगावं लागतं आहे, कारण ज्यांनी सांगायचं ती माणसं आत जायच्या घाईत असतात.

जन्मतः मी काही थोर नव्हते. पुढे आलेला कौलांचा उतार, त्याला चार खांबांचा टेकू आणि खाली मातीची जमीन, एवढाच माझा संसार. दाराशी वहाणांचा ढीग असे. कोपऱ्यात ओल्या छत्र्या एकमेकींच्या अंगावर रेललेल्या असत. पावसाळ्यात रस्त्यावरचा चिखल माझ्यात येई आणि माझ्यातून आत जाई. मी त्याला अडवत नसे. अडवायचं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

घरात माणसं मोजकी. अण्णा चौबळ कलेक्टर कचेरीत कारकून. त्यांचे थोरले बंधू भाऊ पेन्शनीत निघालेले आणि घराचे कर्ते. अण्णांची बायको आवडाबाई. त्यांची मुलगी सगुणा आठ वर्षांची, आणि पाठचा मुलगा अजून पोटात. भाऊंना कुठेही जायचं नसे, म्हणून ते दिवसातून पाच वेळा बाहेर जाऊन येत.

आतली जमीन शेणाने सारवलेली. पावसाळ्यात सारवण लवकर वाळत नाही. अर्धवट वाळलेल्या जमिनीवर चिखलाचा पाय पडला की पापुद्रा सुटतो आणि पायाबरोबर चालू लागतो. मग पुन्हा शेण कालवायचं, पुन्हा सारवायचं. एरवी हे काम करायला बाई येई, पण आषाढ लागला की ती स्वतःच्या शेतात भाताच्या लावणीला जाई. आवडाबाईंना सगुणेच्या बाळंतपणापासून कमरेचं दुखणं, खाली बसलं की उठवत नसे. राहिली सगुणा.

सगुणा मुलींच्या शाळेत जायची. म्हणजे उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात जायची. पावसाळ्यात ती सारवायची.

त्या वर्षी श्रावणात अण्णांनी वाचनालयात स्त्रीशिक्षणाच्या आवश्यकतेवर निबंध वाचला. निबंध फार चांगला झाला म्हणतात. टाळ्या पडल्या. त्या आनंदात अण्णा छत्री मिटत माझ्यातून तडक आत गेले, माजघर ओलांडलं, देवापुढे कागद ठेवले आणि परत ओटीवर येऊन बसले. त्यांची अकरा पावलं मी मोजली. ती अकरा पावलं सगुणेने जेवणाआधी सारवून काढली. शाळेत न गेल्याचा तिचा तो सतरावा दिवस होता. अठराव्या दिवशी शाळाखात्याचे डेप्युटी साहेब परीक्षा घेऊन गेले आणि तिचं नाव पटावरून निघालं.

मास्तर भले गृहस्थ होते. दिवाळीनंतर त्यांनी नाव पुन्हा घातलं, पण घरी येऊन माझ्याच खांबाशी उभे राहून सांगून गेले, "अण्णासाहेब, यंदा घेतलं. पुढच्या साली परीक्षेला मुलगी हजर नसली तर माझ्या हातात काही नाही. गैरहजर मुलींची नावं ठेवली तर शाळाच बंद व्हायची."

अण्णा म्हणाले, "पावसाला आम्ही तरी काय करणार?"

आत दाराआड आवडाबाई होत्या. मास्तर गेल्यावर त्या म्हणाल्या, "ऐकलं का? पाऊस काही घरात येत नाही. घरात पाय येतात."

मित्रांनो, माझा खरा जन्म या वाक्यातून झाला.

अण्णांचा स्वभाव असा की एखादी गोष्ट पटली की ते तिचा नकाशा काढत. चैत्रात त्यांनी माझाही काढला, लाल आणि काळ्या शाईत. कचेरीचे कागद घेऊन ते एकदा साहेबाच्या बंगल्यावर गेले होते, तिथल्या दर्शनी पडवीची त्यांच्या मनावर छाप पडली होती. नकाशात टोप्या अडकवायचं आरशाचं झाड होतं. रंगीत तावदानं होती. पायरीशी जमिनीत रोवलेली एक लोखंडी पट्टी होती. साहेब लोक तिच्यावर बुटाचा तळ खरवडतात.

आवडाबाईंनी नकाशा उलटा धरून पाहिला, मग सुलटा. "हे पातं कशाला?"

"चिखल काढायला."

"आपण वहाणा काढून येतो. तळपाय काढायचाय का?"

अण्णांनी पट्टी खोडली. झाड मात्र राहू दिलं, कारण ते एका विलायतेला परतणाऱ्या साहेबाच्या लिलावातून आधीच येऊन पडलं होतं. त्याला सहा आकडे होते, सहाही टोपीचे. चौबळांच्या घरात टोपी कोणाच्याच डोक्यावर नव्हती, आणि पगडी आकड्याला अडकवली की सुटून विस्कटते. ते झाड आजही माझ्यात आहे. त्याच्या आरशात मी स्वतःला पाहते आणि मला बरं वाटतं. शोभेलाही घरात काही काम असतंच.

बाकीची मी आवडाबाईंनी घडवली. गवंडी धोंडीबा बाहेर जमिनीवर बसे आणि बाई दाराआडून सांगत. जमिनीवर फरशी बसवा, उतार बाहेरच्या बाजूला. पगड्यांना गोल डोक्याच्या खुंट्या, भिंतीत वरच्या बाजूला. उपरण्यांना त्याखाली. मुलांना त्याहून खाली, त्यांच्या हाताला येतील अशा, नाहीतर ती सगळं जमिनीवर टाकतात. छत्र्यांना कोपऱ्यात पन्हळीसारखी खाच, म्हणजे पाणी आपोआप बाहेर जाईल. वहाणांना बाकाखाली जागा. बाकावर बसून वहाणा काढता येतील, उभ्याने तोल जातो.

आणि दाराच्या अलीकडे, ओलांडल्याशिवाय आत जाताच येणार नाही असा, पाय धुवायचा काळा दगड.

धोंडीबा म्हणाला, "बाईसाहेब, गुळगुळीत घासून देऊ का? आरशावानी व्हईल."

"नको. घसरून पडतील. छिन्नीचे टाके मारा."

"टाके मारले तर दगड उघडाबोडका दिसंल."

आवडाबाईंनी दाराआडून दगडाकडे पाहिलं. "मग टाक्यांची वेल काढा. पानांच्या कडांनी पाय धरेल आणि चिखल देठातून वाहून जाईल."

धोंडीबाने तीन दिवस खपून वेल काढली. उभ्या आयुष्यात त्याने घडवलेला तो सर्वांत देखणा दगड, असं तो स्वतः सांगे, आणि त्याबाबतीत माझं त्याच्याशी दुमत नाही. वैशाखात सगळी आळी मला पाहून गेली. बायका वेल पाहत, पुरुष आरसा पाहत. अण्णा प्रत्येकाला नकाशा दाखवत. माझ्यात खोट काढायला जागा नव्हती.

मग पाऊस लागला आणि जागा सापडली.

पहिल्याच आठवड्यात भाऊ बाहेरून आले. बाकावर बसले, वहाणा खाली सारल्या, पगडी खुंटीला लावली. सगळं नकाशाबरहुकूम. उठून दगडावर उभे राहिले. आणि उभेच राहिले.

"सगुणे, पाणी."

बाहेरून आलेल्या पुरुषाने स्वतः पाणी घ्यायचं ही कल्पनाच त्या घरात नव्हती. घरातल्या बाईने तांब्या आणायचा, पायावर धार धरायची. इतकी वर्षं कोणी आणलं नाही तर ते तसेच आत जात. आता दगड आल्यामुळे तसंच जाणं बरं दिसेना. म्हणून ते थांबत, आणि हाक मारत.

सगुणा तांब्या घेऊन आली. ती आत जाते न जाते तोच शेजारचे गृहस्थ आले. मग भाऊ तपकीर आणायला बाहेर पडले आणि परतले. मग भाऊंना भेटायला कोणी आलं. आई चुलीपाशी, तिच्या मांडीवर मूल, म्हणून तांब्या सगुणेचा. आतली जमीन आरशासारखी राहिली. तिच्यावर एक पाऊल उमटेना. सगुणा मात्र शाळेत जाण्याऐवजी दिवसभर माझ्यात उभी. पूर्वी ती निदान सारवून मोकळी व्हायची.

मित्रांनो, मी स्वतःवर फार खूश होते, म्हणून हे माझ्या लक्षात यायला नऊ दिवस लागले. अण्णांच्या तर आलंच नाही. ते म्हणत, "बघ, चिखल थांबला की नाही?" आणि सगुणा त्यांच्या पायावर पाणी घालत म्हणे, "हो अण्णा."

ते बोलून दाखवलं शेवंतीने. शेवंती कोळीण, चेंदणीच्या कोळीवाड्यातून मासळी घेऊन यायची. चौबळांकडे मासळीशिवाय घास उतरत नसे, तेव्हा तिचं येणं रोजचं. टोपली उतरवून तिने सगुणेला पाहिलं.

"काय गो, शाला सुटली का तुजी?"

"नाही. पाय धुवायचे असतात."

"कोनाचे?"

"सगळ्यांचे."

शेवंतीने टोपलीवरचा पाला बाजूला केला, खाडीतला एक मासा उचलून आवडाबाईंना दाखवला आणि त्याच सुरात म्हणाली, "बाय, आमचे घरान खाडीचा चिखल गुडघ्यापत्तर येतं. नाखवा येतं, पोरं येतात. तांब्या घेऊन कोन उभा ऱ्हानार? समद्या बायका बाजारान. दाराशी रांजन हाय, त्याला खाली भोक हाय. गुडदी काढतात, पाय धुतात, गुडदी घालतात. नाय धुतले तं घरान जेवन नाय."

"रांजण भरतं कोण?"

"भरतं कोन? पाऊस भरतं. वरशी पन्हल सोडलीय."

आवडाबाईंनी त्या दिवशी भाव केला नाही.

दुसऱ्या दिवशी उघडीप होती. धोंडीबा आला. पोफळीची चिरलेली पन्हळ कौलांखाली बांधली आणि तिचं तोंड दगडाशेजारी बसवलेल्या रांजणात सोडलं. रांजणाला बुडाशी भोक पाडून लाकडी गुडदी बसवली. गुडदी किती उंचीवर ठेवायची यावर दोघांची चर्चा झाली. धोंडीबा म्हणत होता, रांजण जमिनीवरच असू दे, वाकून ओढतील. आवडाबाई म्हणाल्या, "भाऊजी वाकणार नाहीत. हाक मारतील. खाली चौथरा करा आणि त्यांच्या हाताला येईल इतकं उंच घ्या." चिखल पावसातच येतो आणि पाणीही पावसातच येतं, हा हिशेब इतका सोपा होता की ठाण्यातल्या एकाही शिकल्यासवरल्या माणसाला तो सुचला नव्हता.

अण्णांनी पन्हळ नकाशात दाखल केली. पण भाऊ बिथरले.

"म्हणजे या घरात आता आल्यागेल्याने स्वतःचे पाय स्वतः धुवायचे? चौबळांच्या दारी पाणी द्यायला माणूस राहिलं नाही, असं लोकांनी म्हणायचं?"

अण्णा म्हणाले, "भाऊ, तसं नाही, पण सगुणेची शाळा..."

"शाळेला मी कधी नको म्हटलंय? सगळ्यांचं येणं-जाणं संपलं की जावं तिने."

त्यांचं येणं-जाणं दिवेलागणीला संपे. शाळा चार वाजता सुटे. अण्णांनी निबंधाचे कागद काढून चाळले. निबंधात या मुद्द्याला उत्तर नव्हतं. रांजण भरून वाहू लागला आणि गुडदीला कोणी हात लावला नाही. शेजारचे गृहस्थही भाऊंकडे पाहून हाकच मारत.

आषाढ सरता सरता डेप्युटी साहेबांची तारीख आली. पट दहाच्या ठोक्याला घेणार. सकाळी सगुणा धुतलेलं परकर-पोलकं घालून, पाटी छातीशी धरून माझ्यात उभी राहिली. भाऊ देवळात निघाले होते. वहाणा घालता घालता म्हणाले, "मी साडेदहाला परत येतो. पाणी दे आणि मग जा. डेप्युटी काही पळून जात नाही."

ते कोपऱ्यावरून वळले. सगुणा हलली नाही. आईकडे पाहत राहिली.

आवडाबाई म्हणाल्या, "जा."

"मोठे काका आले तर?"

"ते घरीच येणार. तू जा. आणि जिल्ह्याचे तालुके म्हणताना घाई करू नकोस, शहापूर विसरतेस."

सगुणा गेली. मग घरात आवडाबाई, पाळण्यात आठ महिन्यांचा मुलगा आणि मी.

साडेदहाला भाऊ आले. पाऊस थांबला होता, रस्त्यात मात्र घोट्याएवढा चिखल. बाक, वहाणा, पगडी. दगडावर उभे राहिले.

"सगुणे, पाणी."

कोणी आलं नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली, मग तिसऱ्यांदा.

आता तुम्हाला एक सांगायला हवं. त्या काळी घरची सून थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नसे. काही सांगायचं असेल तर मधल्या एखाद्या मुलाला उद्देशून म्हणायचं. त्या घरात त्या वेळी मधलं मूल एकच होतं आणि त्याला बोलता येत नव्हतं.

आतून आवाज आला, "बाळ, मोठ्या काकांना सांग, ताई परीक्षेला गेली."

भाऊंनी उपरणं खुंटीला लावलं. मग म्हणाले, "बाळ, आईला सांग, मी काय सांगून गेलो होतो ते तिने ऐकलं होतं."

"बाळ, काकांना सांग, ऐकलं होतं."

"बाळ, आईला विचार, मग आता पाणी कोण देणार?"

"बाळ, काकांना सांग, डाव्या हाताला रांजण आहे."

बाळ हसला. भाऊंना ते आवडलं नाही.

"शाळेत निरोप पाठवा," ते आता कोणालाच उद्देशून न बोलता म्हणाले. "तिला बोलावून घ्या. नाहीतर मी असाच आत येईन."

माझ्या अंगावर काटा आला, दगडाच्या अंगावर येतो तेवढा. ते तसे आत आले असते तर सगळं संपलं असतं. दुसऱ्या दिवसापासून सगुणा पुन्हा शेणाच्या पाटीपाशी बसली असती. आणि आवडाबाईंना नंतर जे ऐकावं लागलं असतं, त्याचा नकाशा कोणाला काढता आला नसता.

आत पाळणा हलायचा थांबला. मग आवडाबाई म्हणाल्या, "बाळ, काकांना सांग, निरोप न्यायला घरात कोणी नाही. तू रांगतोस. आणि ताईने पहाटे माजघर सारवलंय, ते अजून ओलं आहे. काकांना यायचं असेल तर त्यांनी यावं. घर त्यांचं आहे."

भाऊंनी एक पाय उचलला. दाराच्या चौकटीतून त्यांना आतली जमीन दिसत होती. बोटांच्या अर्धगोलांची ओळीने नक्षी, लहान हाताची. तो पाय त्यांनी बराच वेळ हवेत धरला. त्या वयात ते सोपं नाही. मग तो पुन्हा माझ्या दगडावर ठेवला.

डावीकडे पाहिलं. उजवीकडे, आळीत कोणी आहे का, ते पाहिलं. हात पुढे केला. गुडदी बरोबर हाताला लागली. त्यांनी ती अशी ओढली की ती थेट बाकाखाली गेली आणि धारेने त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात भाऊ चौबळांनी पहिल्यांदा स्वतःचे पाय स्वतः धुतले, ते असे. एका पायाने दुसरा पाय चोळत होते, तेव्हा शेवंती टोपली घेऊन दारात येऊन उभी राहिली होती, हे त्यांना कळलं नाही.

"भाऊ," ती म्हणाली, "टाच ऱ्हायली."

भाऊंनी टाच धुतली. बाकाखालून गुडदी शोधून काढली, भोकात बसवली आणि आत गेले. सारवलेल्या जमिनीच्या कडेकडेने गेले. पाळण्यापाशी थांबून म्हणाले, "बाळ, आईला सांग, पाणी गार आहे."

सगुणा चारला परतली. शहापूर विसरली नव्हती, मुरबाड विसरली होती. तरीही पास झाली. नाव पटावर राहिलं, पुढेही तीन वर्षं राहिलं. भाऊ त्या महिन्यापासून प्रत्येक पाहुण्याला गुडदी स्वतः ओढून दाखवू लागले. ही युक्ती आपणच काढली असं ते सांगत आणि आवडाबाई दाराआड ऐकून घेत. अण्णांनी वाचनालयात माझ्यावर निबंध वाचला. येताना ते पाय धुवून आत गेले. मला दोन्ही गोष्टींचा आनंद झाला, दुसरीचा जास्त.

मित्रांनो, यानंतर माझे वाईट दिवस आले, आणि ते कोणाच्या दुष्टपणामुळे आले नाहीत. भाऊ वारले. सगुणा लग्न होऊन कल्याणला गेली. आतल्या जमिनीवर शहाबादी फरशी आली, मग सारवणं संपलं आणि चिखलाची भीतीही गेली. बाकावर भाताची पोती आली. खुंट्यांवर सुतळ्या, जुनी जाळी, एक फुटका कंदील. रांजणावर कोणी तरी कुंडी ठेवली. पन्हळ वाळवीने खाल्ली. वेलीच्या देठांत माती बसली आणि दगड सपाट दिसू लागला. पडवीला कोणी मुद्दाम टाकून देत नाही. तिच्यात फक्त एकेक वस्तू ठेवत जातात.

गेल्या पंधरवड्यात कल्याणहून पत्र आलं. पत्र आवडाबाईंच्या नावाचं होतं. त्यांना वाचता येत नाही, म्हणून पेन्शनीतले अण्णा माझ्या बाकाच्या उरलेल्या टोकाला बसून वाचू लागले. अक्षर वळणदार होतं. सगुणेने लिहिलं होतं, की इकडे नवं घर बांधायचं चाललं आहे. सासरे नकाशा काढत आहेत. नकाशात आरसा आहे, दिवाणखाना आहे, पण दगड कुठेही नाही. तेव्हा आपल्या पडवीची मापं पाठवावीत. शेवटची ओळ अण्णांनी दोनदा वाचली. "माझ्या दोन आणि जावेची एक, अशा घरात तीन मुली आहेत."

अण्णांनी चष्मा काढला. आवडाबाई आता दाराआड उभ्या राहत नाहीत, बाहेर येऊन बसतात. त्या म्हणाल्या, "पोती उचला."

दुपारभर पोती उचलली गेली. कुंडी उतरली. आवडाबाई कमरेवर एक हात ठेवून काडीने वेलीतली माती काढत होत्या, पान पान मोकळं करत होत्या. अण्णा दोरीला गाठी मारून मापं घेत होते, दगडाची रुंदी, जमिनीचा उतार, चौथऱ्याची उंची. म्हातारा धोंडीबा काठी टेकत आला, दगडावरून हात फिरवला आणि म्हणाला, "अशी वेल आता माझ्या हातून व्हायची न्हाई. पोराकडून करवून घेतो, मी जवळ बसतो."

तर मित्रांनो, तुमच्या घरालाही माझ्यासारखी एखादी पडवी असेल. तिच्यावरचं सामान उचला. उतार बाहेरच्या बाजूला आहे ना, ते बघा. तिला शोभा द्या, वेल काढा, हवं तर आरसाही लावा. पण आत जाण्याआधी स्वतःचे पाय स्वतः धुवा, आणि धुताना आतून कोणी पाणी घेऊन यायला निघालेलं दिसलं, तर त्याला परत पाठवा. त्याला दुसरं काही काम असेल.

दोरी, मापांचा कागद आणि पोराला घेऊन धोंडीबा काल सकाळच्या गाडीने कल्याणला गेला.